दांडा आलाय, फूल कधी?

निपाणीहून आलेलं पत्र थोडं आटोपतं करून देतो.

"नमस्कार. गेल्याच्या गेल्या दिवाळीत सून पुण्याहून पांढऱ्या फुलांचं ऑर्किड घेऊन आली. फुलं संक्रांत ओलांडून टिकली, मग एकेक गळाली. दांडा वाळला तसा कापून टाकला. झाड सोप्यातल्या खिडकीत ठेवलं. वर्षभर नुसती पानं. यंदा नाताळच्या सुमाराला पानाच्या बेचक्यातून नवा दांडा निघाला. जानेवारीत भराभर वाढला, फेब्रुवारीत कळ्या धरल्या, आणि आता मार्च मध्यावर आला तरी कळ्या हरभऱ्याएवढ्याच. आठ आहेत, टोकाला आणखी दोन बारीक. ५ एप्रिलला सुनेचं डोहाळजेवण आहे. तिनंच आणलेलं झाड, तिच्या कार्यक्रमाला फुलावं असं फार वाटतं. फुललं तर दांडा कापून तिच्या वेणीत माळायचा विचार आहे. शेजारीण म्हणते, हायब्रीड आहे, ते एकदाच फुलतं, या कळ्या गळणार बघा. तेव्हापासून मनात पाल चुकचुकते. जाऊबाई म्हणतात वरून प्लॅस्टिकची पिशवी घाला, ऊब मिळेल. भाचा म्हणतो बल्ब लावा. आमचं तंबाखूच्या वखारीचं घर, त्यामुळं मिस्टर म्हणतात तंबाखूचं पाणी मारा, दांड्यावर चिकट थेंब दिसतात ते जातील. खानापूरचे दीर म्हणतात, नाही फुललं तर रानातली आमरी, म्हणजे तिकडचं ऑर्किडच, आणून देतो. मी काय करू? — गल्लीत सगळे अक्का म्हणतात, तुम्हीही म्हणा."

अक्का, नमस्कार.

आधी तारखेचं बोलू, कारण तुमचा जीव तिथंच अडकलाय. माझ्या अंदाजानं पहिली कळी मार्च संपता संपता किंवा एप्रिलच्या पहिल्या दोन-चार दिवसांत उघडेल. डोहाळजेवणाला सगळा तुरा फुललेला दिसणार नाही. एक-दोन, फार तर तीन फुलं उघडलेली आणि बाकीच्या कळ्या, असं झाड असेल. आठही फुलं एकदम हवी असतील तर एप्रिलची अखेर किंवा मेचा पहिला पंधरवडा धरा. कार्यक्रम काही तेवढा पुढं ढकलता येत नाही.

हा अंदाज कशावरून, ते सांगतो. तुमच्या वर्णनावरून हे फॅलेनॉप्सिस. नर्सरीवाले नुसतं 'फॅल' म्हणतात. याचे मूळ पूर्वज फिलिपिन्स, तैवान, इंडोनेशिया या भागांतले. तिकडं कडक थंडी नसते, पण वर्षातून काही आठवडे हवा जराशी उतरते, आणि तेवढ्यावर हे झाड फुलायचं ठरवतं. दिवसाही पारा २८ अंशांच्या वर राहिला तर ते पानंच काढत बसतं. तीन-चार आठवडे २५-२६च्या खाली राहिला की पानाच्या बेचक्यात झोपलेला डोळा जागा होतो. आपल्याकडं ऑक्टोबर हीट संपून नोव्हेंबरच्या रात्री गार पडायला लागतात, तेव्हा तुमच्या सोप्यात हेच घडलं. दांडा तुम्हाला नाताळात दिसला, पण आतून महिनाभर आधीच ठरलेलं होतं. पुण्याहून झाड आलं त्यानंतरच्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात त्यानं पानं वाढवली, तीही याच दांड्याची शिदोरी. म्हणजे ते वर्ष फुकट गेलं नाही.

दांडा दिसल्यापासून पहिलं फूल उघडायला साधारण तीन महिने लागतात, हवा गार असेल तर त्याहून थोडे जास्त. यात फसवणारा टप्पा नेमका तुमचा आहे. पहिला महिना दांडा लांबत जातो, रोज फरक दिसतो, बघणाऱ्याला हुरूप येतो. मग कळ्या धरतात आणि हरभऱ्याएवढ्या होऊन थांबल्यासारख्या वाटतात. त्या थांबलेल्या नसतात. पाकळ्या, मधली जीभ, परागांचे गोळे हे सगळं त्या हिरव्या गाठीत घडत असतं, फक्त बाहेरून दिसत नाही. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत मात्र कळी पटकन भरते आणि मोठ्या फुलाच्या जातीत उघडण्याआधी दोन सेंटीमीटरच्या पुढं जाते.

म्हणून पट्टी घेऊन दांडा मोजायचं आता बंद करा. रोज बघायचंच असेल तर सर्वांत खालची, झाडाच्या बाजूची कळी बघा, कारण उघडणार ती पहिली. टोकाच्या बारीक कळ्यांकडं बघून उगाच जीव खाली-वर होतो. खालच्या कळीचा हिरवा रंग फिकट होऊन पांढुरका दिसायला लागला, तिचा देठ लांबून ती उजेडाकडं मान वळवायला लागली आणि टोकापासून पाकळ्यांच्या शिवणी स्पष्ट दिसू लागल्या, की आठवड्याभराचा प्रश्न राहिला म्हणून समजा. शिवण सुटल्यावर फूल दिवस-दोन दिवसांत उघडतं, आणि उघडल्यावरही तीन-चार दिवस आकारानं वाढत राहतं. पुढची कळी त्यानंतर तीन ते सहा दिवसांनी. ५ एप्रिलपर्यंत एक-दोन, फार तर तीन फुलं म्हणालो ते या हिशेबानं.

आता घाई करता येईल का? नाही. निपाणीत मार्चच्या दुपारी पारा ३३-३५ला पोचतो, उबेची कमी कुठं आहे? जाऊबाईंच्या पिशवीत कळ्या अक्षरशः वाफवून निघतील, वर ओल कोंडून काळे ठिपके पडतील ते वेगळंच. भाच्याचा बल्बही तसाच. दांडा निघताना त्याला गारवा हवा होता, तो मिळाला. आता कळ्या टिकवणं एवढंच काम उरलंय, आणि ते काम बहुतेक न करण्याचं आहे. आपल्याकडच्या बायकांना रिकामं बसणं जड जातं हे मला ठाऊक आहे, पण इथं तेच करायचंय.

शेजारणीच्या बोलण्याला एक वाक्य देऊन पुढं जाणार होतो, पण हा समज आपल्या भागात इतका पक्का आहे की जरा थांबतो. हायब्रीड म्हटलं की शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर बियाण्याची पिशवी येते. हायब्रीड मक्याचं कणीस घरी राखून पुढच्या वर्षी पेरलं तर पीक एकसारखं येत नाही, म्हणून दरवर्षी पिशवी विकत आणायची. हे खरंच आहे. पण तो प्रश्न बियांचा, झाडाचा नाही. मका एका हंगामात आयुष्य संपवतो, ऑर्किड वर्षानुवर्षं जगतं. तुमच्या फॅलच्या बिया धरून पेरल्या तर वेगवेगळी पोरं निघतील, पण हेच झाड दरवर्षी तसंच पांढरं फूल देईल. नीट ठेवलं तर दहा-पंधरा वर्षं सहज. उलट दोन जातींच्या संकरानं अंगी आलेल्या जोमामुळंच ही झाडं आपल्या घरातल्या उजेडात आणि आपल्या धरसोडीत तग धरतात. त्यांच्या रानटी पूर्वजांनी तुमच्या सोप्यात कधीच मान टाकली असती.

ऑर्किडचा माणसानं केलेला पहिला संकर फुलला तो १८५६ साली, इंग्लंडमधल्या एक्सेटर गावात. व्हीच नावाची नर्सरी होती, तिथल्या जॉन डॉमिनी या माळ्यानं कॅलँथे नावाच्या ऑर्किडच्या दोन जाती एकत्र आणल्या. त्यानंतर कितीतरी वर्षं रोपं मिळवणं म्हणजे नशिबाचा खेळ होता. ऑर्किडचं बी पिठासारखं बारीक, आत शिदोरी काहीच नाही, एका बोंडात लाखांनी दाणे. रानात एक बुरशी त्याला भरवते तेव्हा ते रुजतं. १९२२ साली अमेरिकेत लुईस नडसन यांनी साखर घातलेल्या आगरावर, म्हणजे समुद्री शेवाळापासून केलेल्या जेलीवर, बुरशीशिवाय हे बी रुजवून दाखवलं. पुढं १९६०च्या सुमाराला फ्रान्समध्ये जॉर्ज मोरेल यांनी कोंबाच्या टोकाच्या तुकड्यातून हुबेहूब रोपं करायची वाट दाखवली. फॅलच्या बाबतीत ती जमायला आणखी काही वर्षं गेली, पण आज दुकानात दिसणारी बरीचशी फॅल अशीच बाटलीत वाढलेली. बाटलीतून निघून पहिलं फूल यायला दोन-तीन वर्षं जातात. तुमच्या झाडानं तीन महिने मागितले तर फार नाही मागितले.

दुकानात निळंशार फॅल दिसलं तर मात्र शेजारणीचं म्हणणं अर्धं खरं. ते रंग टोचून निळं केलेलं असतं, पुढच्या वेळी पांढरंच फुलतं.

आता कळ्या कशानं गळतात ते. इथं जरा नीट लक्ष द्या, कारण धोका नेमका तुमच्या कार्यक्रमातूनच येणार आहे.

पिकणारं फळ हवेत इथिलीन नावाचा वायू सोडतं. त्याला रंग नाही, आणि घरात असतो तेवढा आपल्या नाकाला कळत नाही. पण कळी त्याला फार हळवी. पूर्वी युरोपात रस्त्यावरचे गॅसचे दिवे गळायचे तिथली झाडं अवेळी पानं टाकायची. त्यामागं हाच वायू आहे हे १९०१ साली रशियातल्या नेल्युबोव या तरुणानं प्रयोगशाळेत वाटाण्याच्या कोंबांवर शोधून काढलं. अढीतल्या आंब्यांमध्ये पिकलेला एक आंबा असला की बाकीचे लवकर पिकतात, तेही याचंच काम. फळाला तो पिकवतो, पण ऑर्किडच्या कळीला पिवळी करून गाळतो.

आता डोहाळजेवणाच्या आधीचे दोन-तीन दिवस डोळ्यांसमोर आणा. ओटीची पाच फळं येणार. केळीचा अख्खा घड येणार आणि तो सोप्यातच कुठंतरी टेकवून ठेवला जाणार. पाहुण्यांकडून चिकू, सफरचंदं, कुणी हौशी असेल तर हापूसची पहिली पेटी. सगळं खिडकीपासून चार हातांवर, दारं-खिडक्या बंद, वर उदबत्ती आणि धूप. धुरातही हा वायू असतोच. अशा खोलीत दोन रात्री काढल्या तर आठातल्या चार कळ्या पिवळ्या पडायला वेळ लागत नाही. तेव्हा फळं परसदारच्या खोलीत किंवा माजघरात ठेवा. मधलं दार लावा. देवघर सोप्यातच असेल तर झाड तात्पुरतं दुसऱ्या खिडकीत हलवा, पण हलवायचं ते आजच, कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी नाही. प्रत्यक्ष कार्यक्रमात दोन-तीन तास फळांची ताटं शेजारी असली तर काही बिघडत नाही.

हलवण्याचं आणखी एक. कळ्या उजेडाकडं तोंड करून वळतात. कुंडी रोज फिरवली तर त्यांना दिशाच कळत नाही, दांडा पिळवटतो आणि फुलं चारी दिशांना तोंडं करून उघडतात. कुंडीच्या खिडकीकडच्या बाजूला खडूनं एक रेघ ओढा. धूळ झाडताना, पाणी घालताना कुंडी हलली तरी रेघ परत खिडकीकडं आली पाहिजे. दांड्याला बांबूची बारीक काडी लावून सुती दोऱ्यानं सैल बांधा. एप्रिलमध्ये वळवाच्या आधी जे वारं सुटतं, त्यात फुलांच्या वजनानं कुंडीच आडवी होते.

पाण्याचं तुम्ही लिहिलं नाही, म्हणून मीच सांगतो. कुंडीच्या बाजूनं मुळं बघा. रुपेरी-करडी दिसली तर तहानलेली, हिरवी दिसली तर पोट भरलेलं. मार्चच्या हवेत चार-पाच दिवसांनी एकदा सकाळी कुंडी पाण्याच्या भांड्यात दहा मिनिटं ठेवायची, मग पूर्ण निथळू द्यायची. पानांच्या मध्यात पाणी साचलं तर कापडानं टिपून घ्या, तिथून झाड कुजतं. बोअरचं पाणी घालत असाल आणि पानांवर पांढरे डाग पडत असतील तर साठवलेलं पावसाचं किंवा नळाचं पाणी वापरा. घरात आरओ असेल तर त्याचं वाया जाणारं पाणी मात्र घालू नका, क्षार त्यातच गोळा झालेले असतात. बर्फाचे खडे ठेवायचा सल्ला हल्ली मोबाईलवर फिरतो. ज्या झाडाचे पूर्वज गरम दमट रानातले, त्याच्या मुळांवर बर्फ कशाला?

दुपारची कोरडी झळ ही दुसरी भीती. परातीत खडे पसरून त्यात पाणी घाला आणि कुंडी खड्यांवर ठेवा, बूड पाण्याला लागता कामा नये. माठाची तिवई असते त्या कोपऱ्यात उजेड असेल तर ती जागाही चांगली, तिथली हवा मुळातच ओलसर असते. पंख्याचा झोत थेट कळ्यांवर नको. कळ्यांवर पाणी फवारू नका. खत या महिन्यात नाही दिलं तरी चालेल. द्यायचंच असेल तर कृषी केंद्रात मिळणारं १९:१९:१९, पुडीवर लिहिलेल्या मात्रेच्या चौथ्या हिश्शानं, तेही मुळं ओली असताना. शेणखत, ताक, जीवामृत यातलं काही नको. ही मुळं मातीत जगणारी नाहीत, उघड्या हवेत श्वास घेणारी आहेत, त्यांचा दम कोंडतो.

मिस्टरांच्या तंबाखूच्या पाण्याचं. इथं मी जरा कडक बोलतो, राग मानू नका. घरात गरोदर सून आहे. तंबाखूच्या पाण्यात उतरतं ते निकोटिन, ते कातडीतूनही अंगात जातं, आणि ते सोप्यात फवारायचं? बिलकूल नाही. दुसरं असं की तंबाखूच्या पानावर मोझॅक नावाचा रोग येतो, तो वखारीच्या माणसाला सांगायला नको. त्याचा विषाणू वाळवलेल्या तंबाखूतही टिकून राहतो आणि हातांनी, कात्रीनं दुसऱ्या झाडावर जातो. ऑर्किडला होणारा एक विषाणू याच घराण्यातला आहे, आणि विषाणू शिरलेलं झाड पुन्हा बरं होत नाही. मिस्टरांना कौतुकानं झाडाला हात लावायचा असेल तर जरूर लावू दे, फक्त वखारीतून आल्यावर साबणानं हात धुऊन.

चिकट थेंबांनी घाबरू नका. किडे दिसत नसतील आणि थेंब काचेसारखे स्वच्छ असतील तर तो झाडानंच सोडलेला गोड रस आहे. दांडा जोमात असला की फॅल असं करतं. पण त्या गोडावर मुंग्या येतात आणि त्यांच्या पाठोपाठ मावा, पिठ्या ढेकूण. ओल्या फडक्यानं दोन दिवसांआड पुसून घ्या. पानांच्या खाली, बेचक्यात कापसासारखं पांढरं काही दिसलं तर काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटमध्ये बुडवून तेवढीच जागा टिपा. कळ्यांना स्पिरिट लावू नका.

आता वेणी. बरेच जण म्हणतील, अहो, एवढी वाट बघून फुललेलं फूल तोडायचं? मला तसं वाटत नाही. फूल सुनेच्या केसांत जाणार असेल तर ते खिडकीत अडीच महिने धूळ खाण्यापेक्षा वाईट ठिकाणी गेलं असं कोण म्हणेल! एखादं फूल काढल्यानं झाडाचं काही बिघडत नाही. अडचण वेगळीच आहे. ५ तारखेला फार तर दोन-तीनच फुलं उघडलेली असतील आणि तुम्ही अख्खा दांडा कापलात तर उरलेल्या कळ्या पाण्यात ठेवूनही बहुधा नीट फुलणार नाहीत. म्हणून दांडा ठेवा. सर्वांत आधी उघडलेलं, चांगलं पसरून घट्ट झालेलं फूल सकाळी देठासकट काढा, देठाच्या टोकाला ओला कापूस गुंडाळा आणि मोगऱ्याच्या गजऱ्यात मधोमध टाचा. मोगरा तेव्हा बाजारात आलेला असतोच. वासाचं काम मोगरा करेल, तुमच्या पांढऱ्या फॅलला वास नसणार. आदल्या दिवशी उघडलेलं कोवळं फूल घेऊ नका, त्यावर बोटांचे डाग उमटतात. कात्री आधी गॅसच्या ज्योतीवर धरून गार करून घ्या.

झाड कार्यक्रमात मांडणार असाल तर सुनेच्या पाटाच्या जरा मागं, पोरांच्या हाताला येणार नाही असं ठेवा. फुलाच्या मधोमध वर एक टोपीसारखा पांढरा उंचवटा असतो, त्याखाली परागांचे दोन पिवळे गोळे. पोरं ते बोटानं हमखास काढतात. ते निघाले की झाडाला वाटतं फुलाचं काम झालं, आणि दोन महिने टिकणारं फूल दोन-चार दिवसांत कोमेजतं.

आणि ती पाल. अक्का, या कळ्यांना डोहाळजेवणाचा शकून लावू नका. कळी गळली तर तिच्यामागं केळीचा घड असेल, कोरडा वारा असेल, नाहीतर तहानलेलं मूळ असेल. सुनेच्या पोटातल्या बाळाचा तिच्याशी काडीचा संबंध नाही. शेजारणीचं बोलणं सुनेच्या कानावर जाऊ देऊ नका, आणि सकाळी उठून तिच्यासमोर "आणखी एक गळली गं बाई" असं तुम्हीही म्हणू नका. सातव्या महिन्यात झोप तशीच कमी असते. गळलेली कळी गुपचूप उचलून टाकायची. एखाद-दुसरी गळणं नेहमीचंच आहे, टोकाच्या त्या दोन बारीक कळ्या तर मी हिशेबात धरल्याच नाहीत.

समजा सगळ्याच गळल्या. मग दांडा मुळापासून कापायची घाई नको. दांडा हिरवा असेल आणि झाडाला चार-पाच धडधाकट पानं असतील तर खालून दुसऱ्या-तिसऱ्या गाठीच्या वर बोटभर अंतर सोडून कापा. त्या गाठीतून बऱ्याचदा बाजूचा फुटवा निघतो आणि दोन-तीन महिन्यांत त्यावर थोडी फुलं येतात. उन्हाळा कडक असला तर कधी फुलांऐवजी तिथं छोटं रोपच फुटतं, मुळांसकट. ते आलं तर तोडू नका, मुळं बोटभर झाली की वेगळ्या कुंडीत लावा. झाड अशक्त असेल, पानं सुरकुतलेली असतील, तर मात्र दांडा पूर्ण काढून त्याला विश्रांती द्या.

राहिले खानापूरचे दीर. त्यांचं मन मोठं, पण बेत चुकलाय. त्या रानातली सीतेची वेणी नावाची आमरी फुलते मे-जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर. ५ एप्रिलला ते आणतील ती नुसती पानं आणि मुळं असतील. शिवाय खानापूरकडचं भीमगड हे अभयारण्य आहे, तिथून झाड काढणं हा गुन्हा, आणि बाहेरच्या राखीव जंगलातूनही परवानगीशिवाय काही आणता येत नाही. ऐनाच्या नाहीतर फणसाच्या फांदीला वर्षानुवर्षं धरून बसलेली ती मुळं ओढताना तुटतात आणि बहुतेक झाडं शहरात आणल्यावर वर्षभरात मरतात. बघायचीच असतील तर पहिल्या पावसाच्या आगेमागे जांबोटी-कणकुंबीच्या रस्त्यानं सुनेला सोडून बाकी सगळे जाऊन या, गाडीतून मान वर करून बघत चला. सुनेला त्या घाटरस्त्याचे धक्के तेव्हा नकोत.

दिरांना काही आणायचंच असेल तर खानापूरच्या कुंभाराकडून बाजूला भोकं असलेली मातीची कुंडी आणू द्या, सहा इंची पुरे. फुलं ओसरली की जूनमध्ये झाड त्यात हलवा. सोबत नारळाच्या सोडणाचे तुकडे, लाकडी कोळसा आणि थोडे विटांचे खडे लागतील. सोडणं दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवून ठेवायची, म्हणजे त्यातला क्षार निघून जातो. कुंडी मातीची असल्यानं ती लवकर सुकेल, तेव्हा पाणी आतापेक्षा एक दिवस आधी. आणि नोव्हेंबर लागला की ती रात्री सोप्यातून उचलून पडवीत ठेवायला विसरू नका.